विमान जाऊ द्या, मंग बोला

महागावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चौक आहे. त्या चौकावरून विमान गेलं की खालच्या माणसांनी आपापले मोबाईल बंद करायचे, असा एक नियम होता. तो सरकारनं केला नव्हता. सार्जंट राठोडांनी केला होता.

विमान कसलं, उन्हात चमकणारी टाचणी आणि तिच्यामागं पांढरी रेघ. पण ती टाचणी आम्हाला दिसायच्या आतच सार्जंट घरातून निघालेले असत. अंगात बनियन, खाकी हाफपँट, पायात पॉलिश केलेले बूट आणि वर केलेला उजवा हात. चौकात येऊन ते ओरडत, "बंद करा! विमान हाये वर! विमान जाऊ द्या, मंग बोला!"

मोबाईल तेव्हा नवे होते. आमची गल्ली नाल्याकडं उतरती, त्यामुळे आत रेंज नसे. ज्याला बोलायचं तो चौकात यायचा, एक बोट कानात घालायचा आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलायचा. अशा माणसासमोर सार्जंट हात वर करून उभे राहिले की बोलणं बंद करण्यावाचून इलाज नसे, कारण विमान दिसेनासं होईपर्यंत ते समोरून हलत नसत. गुलाबराव कृषी केंद्रवाल्यांनी एकदा वाद घालून पाहिला. "सार्जंट, विमान तिकडं आभायात, मी इथं फवारनीच्या पंपाची ऑर्डर देऊन राह्यलो. माहा त्याले का तरास?"

"हवा एकच हाये," सार्जंट म्हणाले. "तुमी तिच्यातच बोलता, तो बी तिच्यातच बोलते. तुमच्या पंपाचं उद्या बी होईन. त्याचं उद्या होत नाही."

याच गुलाबरावांच्या मेहुण्याची सोयरीक या नियमापायी मोडता मोडता राहिली. मेहुणा चौकात उभा राहून मुलीकडच्यांना सांगत होता, "पोरगी पसंत हाये, पन," आणि एवढ्यात वर विमान आलं. सार्जंटांनी फोन बंद करायला लावला. वाक्यातला पुढचा भाग "लगन पाऊसपान्यात नको" इतका साधा होता. पण पलीकडच्यांनी त्या "पन"चे काय काय अर्थ काढले ते विचारू नका. शेवटी मुलीचा मामा भाड्याच्या जीपनं फुलसावंगीहून भांडायला आला. सार्जंटांनीच त्याला चहा पाजला आणि उरलेलं वाक्य पुरं करून सांगितलं.

सार्जंट मूळचे फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. ज्या काळी तांड्यावरचं पोरगं मॅट्रिकला बसलं तरी तांड्याचा प्रमुख, नायक, कौतुकानं त्याच्या घरी येऊन बसायचा, त्या काळी हे मॅट्रिक होऊन विमानदलात गेले. तिथं वायरलेस मेकॅनिक. उभी नोकरी कानाला हेडफोन लावून, वैमानिकांचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारी टिनाच्या छपराचं लहानसं घर घेतलं, रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीची पाटी लावली, आणि वर्षभरात त्यांची बायको, सोनाबाई, गेली. मूलबाळ नव्हतं. पुतणे तांड्यावर शेती पाहत. तांड्यावर चला असा आग्रह त्यांनी केला, पण सार्जंट गेले नाहीत. "तिथं डोंगर आडवा हाये, ऐकू येत नाही," असं काहीसं कारण त्यांनी दिलं. काय ऐकू येत नाही हे आम्ही विचारलं नाही. शेजाऱ्याला सगळंच विचारत बसलं तर शेजार टिकत नाही.

वायरलेसवर एक शिस्त असते म्हणे. एका वेळी एकानंच बोलायचं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं. म्हणून बटण दाबण्याआधी ऐकायचं, कुणी बोलत नाही ना याची खात्री करायची, आणि मगच तोंड उघडायचं. ही शिस्त सार्जंटांनी नोकरीबरोबर सोडायला हवी होती. त्यांनी ती घरगुती वापरासाठी सोबत आणली. कुणाच्याही दारात ते येऊन गप उभे राहत आणि आतलं बोलणं थांबायची वाट पाहत. आमच्या घरात मी आणि माझी बायको शालिनी असे दोघंच असतो, आणि आमच्यातलं बोलणं सहसा थांबत नाही. एकदा आमचा असाच काही वाद रंगला होता. साखर कुणी संपवली यावर असेल. सार्जंट दारात येऊन उभे राहिले. मी मानेनंच "या" म्हटलं. ते आले नाहीत. बऱ्याच वेळानं शालिनीला श्वास घ्यायला थांबावं लागलं, तेव्हा ते खाकरले आणि शांतपणे म्हणाले, "बाबूजी, मागच्या अंगनात तुमच्या पऱ्हाटीच्या ढिगाले आग लागून राह्यली."

आम्ही धावलो. वर्षाचं सरपण म्हणून रचलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, निम्मा ढीग जळून गेला होता. बादल्या ओतून ओतून हात दुखायला लागले तेव्हा मी चिडून विचारलं, "अहो, आल्या आल्या का नाही सांगितलं?"

"तुमी दोघं बोलून राह्यले होते ना जी," ते म्हणाले. बादल्या मात्र सगळ्यात जास्त त्यांनीच ओतल्या होत्या.

त्यांचं दुसरं तत्त्व म्हणजे 'मधात जागा सोडा'. रेडिओच्या दोन पट्ट्यांच्या मधे थोडी मोकळी पट्टी ठेवतात, तिथं कुणीच बोलायचं नसतं, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात शिरत नाही. हे ते आम्हाला धुऱ्याचं उदाहरण देऊन समजावीत. "दोन वावराच्या मधात धुरा कायले असते? तो ना तुमचा ना माहा. तो हाये म्हून आपुन भांडत नाही." धुऱ्यावरूनच निम्म्या तालुक्याचे खटले चालले आहेत हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. एसटीत ते बाजूच्या माणसात आणि आपल्यात पिशवी ठेवून बसत. लग्नाच्या पंगतीत दोन पाट सोडून बसत, आणि वाढपी त्यांना कुणीतरी रुसलेला सोयरा समजून जास्तीचा आग्रह करीत.

कापसाची ती वर्षं वाईट होती. मी जिनिंगच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर घडे. भाव पडलेला, खरेदी आज चालू तर उद्या बंद, आणि गेटाबाहेर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग. खरेदीचा काटा आज कुठं चालू आहे हे कळायला मोबाईलशिवाय मार्ग नव्हता. ज्याच्याकडं फोन त्याच्याभोवती लोक गोळा होत. पाहणीला मोठमोठे साहेबही येत. आधी जीपनं येत, मग हेलिकॉप्टरनं यायला लागले.

असंच एकदा एक फार मोठे साहेब कॉलेजच्या मैदानावर उतरणार होते. मैदानावर चुन्यानं गोल आखला. आसपासच्या गावचे लोक लाल पडलेली, किडकी बोंडं लागलेली झाडं मुळासकट उपटून दाखवायला घेऊन आले. बंदोबस्ताच्या साहेबांना कुणीतरी सांगितलं की गावात विमानदलाचा माणूस आहे. झालं. सार्जंट जुना युनिफॉर्म घालून हजर झाले, आणि त्यांनी पहिला हुकूम दिला तो सगळ्यांनी मोबाईल बंद करून जमा करायचा. त्यासाठी मला आमच्या जिनिंगमधला एक बारदाना आणायला पाठवलं. पुढाऱ्यांनी टाकले, शिपायांनी टाकले, बंदोबस्ताच्या साहेबांनीही जरा कुरकुरत टाकला. सार्जंट बारदान्याचं तोंड सुतळीनं बांधून त्याच्या शेजारी उभे राहिले.

आम्ही वाट पाहिली. ऊन चढलं, ऊन उतरलं. हारातली फुलं कोमेजली. हातातली झाडं वाळली. आभाळात घारीशिवाय काही आलं नाही. सूर्य मावळायला लागल्यावर बंदोबस्ताच्या साहेबांनी बारदाना सोडायला लावला. एकेक फोन चालू झाला तसा तो टुंग टुंग करायला लागला. सगळ्यांना एकच निरोप होता. वेळ कमी असल्यानं साहेब परस्पर नेरकडं उतरले आहेत, महागावचं रद्द, लोकांना सकाळीच घरी पाठवा.

बंदोबस्ताचे साहेब सार्जंटांना काय काय बोलले ते मी लिहीत नाही. सार्जंट सावधान उभं राहून, मधे एक शब्द न बोलता, सगळं ऐकत राहिले. शेवटी एक म्हातारा हातातलं झाड खाली टाकत म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब, कायले त्याले बोलता. ते येऊन तरी का करनार होते?" मग लोक आपापल्या गावी गेले.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. आमची मुलगी अश्विनी लग्न होऊन पुण्याला असते. त्या वर्षी तिला दिवस गेले, आणि काही अडचण होती म्हणून डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. प्रवास बंद. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते होणार नाही, शेवटच्या महिन्यात शालिनीनंच तिकडं जायचं, असं ठरलं. तोवर मायलेकींचा सगळा संसार फोनवर. आणि आमच्या घरात रेंज यायची ती एकाच जागी, गच्चीवर कठड्याच्या कोपऱ्यात. तिथं मी एक खिळा ठोकला होता. फोन दिवसभर त्या खिळ्याला पिशवीत टांगलेला असे. फोन वाजला की शालिनी दुखरे गुडघे घेऊन जिना चढायची, आणि ती वर पोचेपर्यंत फोन वाजून बंद झालेला असायचा.

यावर इलाज निघाला तो सार्जंटांमुळे. त्यांच्याकडं तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवलेला एक रेडिओ होता, त्यांनी स्वतः बनवलेला. त्याला ते नुसतं 'डब्बा' म्हणत. त्यावर विमानांचं बोलणं ऐकू येई, आणि विमान येतंय हे त्यांना आमच्या आधी कळे ते त्यामुळेच. डब्ब्याची तार त्यांच्या लिंबाच्या झाडावरून आमच्या कठड्याला बांधलेली होती, बरोबर त्या खिळ्याजवळ. आता मोबाईलचं असं असतं, की तो वाजायच्या क्षणभर आधी कंपनीच्या टॉवरशी कुजबुजतो, आणि जवळपास रेडिओ असला तर त्यात टक्-टक्-टर्र असा आवाज उमटतो. तो आवाज डब्ब्यात आला की भिंतीपलीकडून हाक यायची, "वहिनी! पोरीचा फोन! चढा!" आणि शालिनी निम्मा जिना चढते न चढते तोच फोन वाजायचा.

गल्लीतल्या बायकांना आधी वाटलं माणसाला काही सिद्धी आहे. एक-दोघींनी पोरांच्या निकालाबद्दल विचारूनही पाहिलं. सार्जंटांना मात्र त्या टकटकीचा भयंकर राग. "ये याडी, ऐन बोलन्यात घुसते हा तुमचा फोन," असं ते आपल्या बोलीत आईला हाक मारून पुटपुटत, आणि पुटपुटून झाल्यावर हाक मारायला चुकत नसत.

अशात एका मोबाईल कंपनीची माणसं आली. आमचं घर गल्लीत सगळ्यात उंच, तर त्यांना आमच्या गच्चीवर टॉवर बसवायचा होता. शालिनीचा चेहरा असा उजळला की मी भाड्याचं विचारायच्या आधीच होकार गेला. गल्ली खूश, चौकातले लोक खूश. गुलाबरावांनी पेढे वाटायची तयारी केली. फक्त लागून असलेल्या घरांची संमती हवी होती. सगळ्यांनी सह्या केल्या. उरले सार्जंट राठोड.

"जमत नाही," ते म्हणाले.

कंपनीचा इंजिनिअर नागपूरचा, वानखडे नावाचा, मोठा नम्र मुलगा होता. त्यानं ओट्यावर बसून समजावलं. "काका, विमानाची पट्टी वेगळी, आमची वेगळी. मधात भरपूर जागा सोडली आहे."

सार्जंटांचंच तत्त्व सार्जंटांच्याच ओट्यावर. मला वाटलं आता हरले. पण ते म्हणाले, "धुरा कितीबी रुंद ठेवा साहेब, शेजाऱ्याचा बैल ताकदवाला असन त धुरा ओलांडून येतेच. मी सही करत नाही. विमानाचा सवाल हाये."

आठवडा गेला, महिना गेला. गल्लीनं विनवण्या केल्या, मग टोमणे मारले, मग बोलणं टाकलं. गुलाबराव म्हणाले, "एका मानसाच्या चक्करमुळं सारं गाव चौकात उभं राहून राह्यलं." मी स्वतः जाऊन सांगितलं की सार्जंट, माझी मुलगी तिकडं पडून आहे, तिची आई दिवसातून कितीदा जिना चढते ते तुम्ही रोज पाहता. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाहतो जी. पाहतो, म्हूनच त हाक मारतो..." आणि आत निघून गेले. मला राग आला. खोटं कशाला बोलू, हेलिकॉप्टरच्या दिवशी बंदोबस्ताच्या साहेबांनी वापरलेले शब्द मला त्यांच्यासाठी आठवले.

वैशाखातली संध्याकाळ होती. मी नुकताच जिनिंगमधून आलो होतो. पलीकडून हाक आली, शालिनी वर गेली. गच्ची दिवसभराच्या उन्हानं तापलेली. बोलता बोलता तिला भोवळ आली आणि ती कठड्याला धरून खालीच बसली. मी हात-पाय धूत होतो, मला काहीच कळलं नाही. सार्जंटांनी आपल्या अंगणातून पाहिलं असावं. ते भिंत चढून, आमच्या गच्चीच्या लोखंडी शिडीनं वर गेले. मी धावत पोचलो तेव्हा त्यांनी शालिनीला पाण्याच्या टाकीच्या सावलीत टेकवून बसवलं होतं, आणि तिच्या हातातून पडलेला फोन त्यांच्या हातात होता.

फोनमधून अश्विनीचा आवाज इतका मोठ्यानं येत होता की मला जिन्यातही ऐकू आला. "आई! आई, काय झालं? आई, बोल ना गं!" ती थांबतच नव्हती. सार्जंट फोन कानाला लावून उभे होते. ती थांबेल आणि आपण बोलू, म्हणून त्यांचे ओठ नुसते उघडमीट करत होते. मी फोन घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात ते तिच्या बोलण्यातच बोलले. विमानाचं सोडलं तर जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलले.

"बेटा, बेटा, मी राठोडकाका बोलून राह्यलो. आई चांगली हाये. माह्या डोयासमोर बसून हाये. तू रडू नको, तुले रडायचं नाही. थांब, आईले देतो."

शालिनीला घोटभर पाणी पाजून आम्ही खाली आणलं. तसं काही विशेष नव्हतं, ऊन लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सार्जंट दारात येऊन उभे राहिले. आम्ही दोघंही गप्पच होतो, त्यामुळे त्यांना वाट पाहावी लागली नाही.

"कुठं सही करायची ते सांगा," ते म्हणाले.

मला आनंद झाला. पण जिभेला हाड नाही, मी विचारलंच, "आणि विमानाचं काय?"

"विमानाले का होते?" ते अगदी सहज म्हणाले. "ते तिकडं, सात-आठ मैल वर. तुमच्या टॉवरनं त्याले काहीच होत नाही. तो वानखडे बरोबर बोलून राह्यला होता."

"अहो, मग एवढे दिवस..."

"टॉवर इथं तुमच्या डोक्यावर बसन. माहा डब्बा त्याच्या पायाशी. डब्बा नाजूक हाये बाबूजी, घरी बनवलेला. टॉवर चालू झाला का त्याच्यात नुसतं घूं राहीन, दुसरं काही ऐकू येनार नाही. विमानाले नाही, मलेच तरास होता. मानसं विमानाचं ऐकतेत, माहं कोन ऐकनार, म्हून विमानाचं नाव घेतलं." मग मान खाली घालून म्हणाले, "घरात तोच एक बोलते जी."

शालिनी दारातच उभी होती. मी संमतीचा कागद काढला आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

टॉवरचे खांब चढले, केबली आल्या. उद्या चालू होणार, असं वानखडेनं सांगितलं त्या संध्याकाळी सार्जंट आम्हाला बोलवायला आले. "एकदा ऐकून घ्या. मंग ऐकू येनार नाही." एवढी वर्षं शेजारी राहून त्यांच्या घरात बसायला असे आम्ही पहिल्यांदाच गेलो. एक खाट, एक टेबल, त्यावर तुपाचा डब्बा. आम्हाला बसायला त्यांनी चौकातल्या न्हाव्याकडून दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या.

त्यांनी बटण फिरवलं. खरखर आली. आम्ही कान देऊन बसलो. बराच वेळ काही नाही, आणि मग अगदी स्पष्ट, खोलीतच कुणी बसल्यासारखा, एका तरुण माणसाचा आवाज आला. "नागपूर, नमस्कार," आणि पुढं इंग्रजीत कसलेसे आकडे. मग आवाज बंद, नुसती खरखर.

"नमस्कार," सार्जंट म्हणाले.

हळूच म्हणाले, डब्ब्याकडं किंचित वाकून. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. थोड्या वेळानं दुसरं विमान आलं. या वेळी बाईचा आवाज होता. "नागपूर, नमस्कार." पुन्हा आकडे, पुन्हा खरखर. आणि सार्जंट पुन्हा म्हणाले, "नमस्कार, बेटा."

शालिनीला राहवलं नाही. "भाऊजी, तुमचं बोलणं त्यांना ऐकू जातं का?"

"नाही जी. याच्यात बोलता येत नाही, हा निस्ता ऐकायचा डब्बा हाये."

"मग तुम्ही कुणाला म्हणता?"

त्यांनी डब्ब्यावरची नसलेली धूळ पुसली. "त्याचं असं हाये वहिनी. विमान उंचावर असते, म्हून त्याचं बोलनं आपल्याले येते. पन नागपूर लय दूर, जमिनीवर हाये. त्याचा आवाज इथवर पोचत नाही. नागपूर जवाब देते, रोज देते, पन आपल्याले तो ऐकू येत नाही. तो पोरगा बिचारा नमस्कार घालते, आन् मंग इथं खोलीत कोनीच काही बोलत नाही. सोनी गेल्यावर पयल्यांदा ऐकलं तवा मले ते लय वाईट वाटलं. कोनी नमस्कार घातला त परत घालाले नको काय? म्हून नागपूरच्या वाटचा मी घालतो."

आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो. कलकत्त्याकडं जाणारी, मुंबईकडं जाणारी, सगळी एकामागून एक नमस्कार करून गेली आणि सार्जंटांनी एकाचाही बाकी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॉवर चालू झाला. शालिनीनं पोळपाटाशेजारी फोन ठेवला आणि पोळ्या लाटता लाटता अश्विनीशी बोलली. अश्विनी बरी होती, बाळ पोटात लाथा मारत होतं. चौकातून गुलाबरावांचे पेढे आले. भिंतीपलीकडून थोडा वेळ घूं असा एकसारखा आवाज येत होता. सार्जंट बटण फिरवून पाहत असावेत. मग तोही बंद झाला.

संध्याकाळ झाली. आम्ही ओट्यावर बसलो होतो. पलीकडं काही हालचाल नव्हती, भांड्याचाही आवाज नव्हता. मी म्हटलं, जाऊन बघून येऊ का? शालिनीनं मला हातानंच बसवलं. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि टाचा उंचावून मोठ्यानं म्हणाली,

"भाऊजी, नमस्कार!"

पलीकडं काहीच नाही. ती तिथंच थांबली. एरवी एवढं थांबणं तिच्या स्वभावात नाही, पण ती मधे एक शब्द न बोलता थांबली. मग खाट करकरली. भिंतीजवळ पावलं आली. घसा खाकरल्याचा आवाज आला.

"नमस्कार, वहिनी."

"ऐकू आलं, भाऊजी," शालिनी म्हणाली. "या इकडं, चहा टाकते."